चाचा

चाचा जहाजावर कधी आला, हे सांगू शकेल असं कोणी उरलं नव्हतं. जहाजावरची माणसं हंगामी. सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅग उचलायची, साईन ऑफ करायचं आणि विमानतळ गाठायचा. चाचाच्या नशिबी साईन ऑफ नव्हतं. कोणी सांगे, तो सिंगापूरला स्टोअर्सच्या बोटीतून कांद्या-बटाट्यांच्या पोत्यांसोबत क्रेनला लटकून वर आला. कोणी म्हणे, आधीच्या मालकाने जहाज विकलं तेव्हा लाइफबोटी, नांगर आणि चाचा एकाच यादीत होते. नाव मात्र बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, ठेवलेलं. भारतीय जहाजांवर बोसनला अजून सारंग म्हणणारे आहेत, आणि सारंगाने एकदा नाव ठेवलं की ते रंगाने लिहिलेल्या नावापेक्षा पक्कं बसतं.

चाचा म्हणजे आमच्या जिममधली ट्रेडमिल.

जात घरगुती. ठाण्या-पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत अंगावर ओले टॉवेल वाळवत म्हातारं व्हायचं, एवढ्यासाठीच त्याचा जन्म. पण तो येऊन पडला पावणेदोन लाख टन लोहखनिज वाहणाऱ्या केपसाइज जहाजावर. फिटरने डेकच्या पत्र्यावर चार कड्या वेल्ड केल्या होत्या आणि त्यांना चाचाचा एकेक पाय रॅचेटच्या पट्ट्याने आवळलेला होता. हँडलचा फोम कधीच झडून गेलेला, त्या जागी काळी इन्सुलेशन टेप. पडद्यावर इंग्रजी आठाचा मधला दांडा पेटत नसे, त्यामुळे ताशी आठ किलोमीटरने धावणाऱ्याला चाचा शून्य दाखवी. नव्या माणसाला वाटे यंत्र बिघडलं. जुने म्हणत, खरं तेच दाखवतंय, तू आहेस तिथेच आहेस.

सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे त्याची किल्ली. असल्या यंत्रांना एक लाल चुंबकी किल्ली असते. तिची दोरी धावणाऱ्याच्या कपड्याला अडकवायची. माणूस घसरला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. चाचाची मूळ किल्ली कुणाच्या तरी कॉन्ट्रॅक्टबरोबर घरी गेली असावी. तिच्या जागी फ्रिजला लावायचं एक ब्राझिली मॅग्नेट होतं, त्यावर हात पसरून उभा असलेला रिओचा येशू. त्याला मागून सुतळी चिकटवलेली. लाट जोरात आली, तोल गेला, की सुतळीला हिसका बसून येशू खाली यायचा आणि चाचा जागच्या जागी थांबायचा. ही व्यवस्था कुठल्याही सेफ्टी मॅन्युअलमध्ये बसणारी नव्हती, पण तिने कधी दगा दिला नाही.

चाचाचं तोंड जहाजाच्या मागच्या बाजूला होतं. चीनहून रिकामे निघालो की आम्ही सिंगापूरवरून हिंदी महासागर ओलांडून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून ब्राझीलला खनिज भरायला जात असू. म्हणजे जहाज ब्राझीलकडे चाललेलं आणि आम्ही जीव खाऊन आशियाकडे धावतोय. पोचायचो अर्थात ब्राझीललाच. तासाभरात माणसाने दहा किलोमीटर कापावेत, तेवढ्यात तेरा नॉट्सने चालणारं जहाज चोवीस किलोमीटर पुढे गेलेलं. एका हौशी थर्ड इंजिनिअरने, म्हणजे तीनसाबने, जीपीएसचं घड्याळ बांधून डेकवर फेऱ्या मारल्या. घड्याळाने जहाजाचा वेगही त्याच्याच खात्यात जमा केला. किलोमीटरला सरासरी अडीच मिनिटं! मॅरेथॉनचा विश्वविक्रम गप्पा मारता मारता मोडला होता.

डेक असताना चाचाची गरज काय, असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटेल. जहाज जवळपास २९० मीटर लांब. रेलिंग आणि हॅचच्या मधल्या वाटेने एका बाजूने पुढे जाऊन दुसऱ्या बाजूने परत यायचं, की अर्धा किलोमीटर सहज होतो. पण त्या वाटेवर पाइप आहेत, दोरखंडाचे खुंट आहेत, ठेचकाळायला लावणाऱ्या कड्या आहेत, सुकलेलं मीठ आणि खनिजाची लाल माती आहे. ब्रिजला कळवल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. अंधार पडल्यावर नाहीच. समुद्र खवळला की डेक बंद, चाचेगिरीच्या टापूत शिरलं की डेक बंद. दीड-दीड महिन्याच्या सफरीत डेकचा भरवसा धरून दमसास राखायला गेलं तर राखायला फारसं काही उरत नाही. शेवटी पाय चाचाकडेच वळतात.

चाचाला चढ-उताराचं बटण होतं, पण ते कधीच मेलेलं. त्याची उणीव समुद्र भरून काढायचा. चाचा जहाजाच्या लांबीच्या रेषेत बांधलेला, त्यामुळे समोरून लाट आली आणि जहाज नाक वर-खाली करू लागलं की चाचाही त्याच्याबरोबर कलायचा. तीन अंश कलणं म्हणजे पाच टक्क्यांचा चढ. काही सेकंद चढ, काही सेकंद उतार, पुन्हा चढ. त्यातून आमची राहण्याची इमारत जहाजाच्या पार मागच्या टोकाला. नाक वर-खाली होताना सगळ्यात जास्त झोका दोन्ही टोकांनाच बसतो. पायाखालची जमीन वर येताना शरीर जड होतं, खाली जाताना हलकं. वेग तोच ठेवला तरी नाडी आपल्या मनाने वर-खाली होते. म्हणून चाचाच्या पडद्याकडे बघून धावणारा फसतो. शहाण्याने नाडी मोजावी आणि वेग समुद्राला ठरवू द्यावा.

मी तिथे सेकंड ऑफिसर. वॉच बारा ते चारचा, दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा. दुपारचा वॉच संपवून ब्रिजवरून उतरण्याआधी मी लाटेची दिशा बघून ठेवायचो, कारण त्या दिवसाचा व्यायाम तीच ठरवायची. विषुववृत्ताजवळच्या निवांत पाण्यात सलग जोरकस पळायचं. घाम इतका की चाचाच्या पट्ट्यावर ठिपके पडत. लाट समोरून असली की चढाची तालीम. आडवी असली की चाचाला रामराम करून कोपऱ्यातली सायकल, कारण जहाज आडवं हलतं तेव्हा चाचा माणसाला बाजूच्या भिंतीवर फेकतो.

आमचा डेक कॅडेट साताऱ्याचा. घरी परतल्यावर त्याला सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावायची होती, आणि यवतेश्वराचा घाट त्याच्या डोक्यातून जात नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी नैऋत्येकडून मोठी लाट येते. आम्ही पश्चिमेला निघालो की ती थेट तोंडावर. त्या दिवसांत तो जिन्यात गाठायचा.

"सर, आज घाट आहे का?"

"घाटच घाट आहे. पण हँडलला लोंबकळू नकोस, आणि येशूला बांधून घे."

परतीचा रस्ता वेगळा. लोहखनिज वजनाला भारी, त्यामुळे खणाच्या तळाशी थोड्याच उंचीचा ढीग केला तरी जहाज भरतं. वजन इतकं खाली बसलं की जहाज ताठर होतं. लाटेने कललं की झटक्यात सरळ व्हायला बघतं, आणि लगेच पलीकडे जातं. कोळसा भरलेलं जहाज सावकाश डुलतं. खनिजवालं हिसके देतं. त्या हिसक्यांत चाचाच्या पट्ट्या कुरकुरत आणि सारंग दिवसातून दोनदा येऊन रॅचेट आवळून जाई. चीन आणि ब्राझीलच्या वेळेत अकरा तासांचं अंतर. जाताना घड्याळं एकेक तास करत मागे घ्यायची, तेव्हा झोप चैनीची. येताना तेच अकरा तास एकेक करून परत करायचे. तो तास तीन वॉचांत वीस-वीस मिनिटांनी वाटून घेतला तरी शरीराला हिशेब कळतो. जाताना जो वेग हसत जमतो, तोच येताना अंगावर येतो.

चाचाच्या दरबारातली गर्दी आठवड्याच्या वारावर चाले. भारतीय जहाजावर रविवारी दुपारी बिर्याणी असते; हा अलिखित कायदा मोडायची हिंमत कुठल्याही कॅप्टनमध्ये नाही. त्यामुळे सोमवारी चाचासमोर रांग. मंगळवारी अर्धी. गुरुवारी चाचा, मी आणि कॅडेट. चीफ कुकला जुनी माणसं भंडारी म्हणतात. तो दारात उभा राहून गर्दी मोजायचा आणि त्यावरून बिर्याणी कशी झाली होती ते ठरवायचा. कॅप्टनसाहेब रोज संध्याकाळी चाचावर ताशी पाच किलोमीटरने चालत, हातात कंपनीचे ईमेल. एकेका ईमेलला त्यांचा वेग कमी-जास्त होई, त्यावरून चीफ ऑफिसर उद्याच्या हवामानाचा अंदाज बांधे. आणि साईन ऑफला महिना उरला की ज्याने कॉन्ट्रॅक्टभर चाचाचं तोंड बघितलं नाही, तोही बूट शोधायला लागे. घरी बायकोने ओळखायला हवं, आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकलही पास व्हायला हवी.

चाचाचं वैर एकाशीच: इलेक्ट्रिकल ऑफिसर, म्हणजे बत्तीसाब. जहाजावरची २२० व्होल्टची वीज लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेली असते. त्यामुळे कुठे एका जागी गळती झाली तर लगेच काही बंद पडत नाही. फक्त इंजिन कंट्रोल रूममधल्या मीटरचा काटा खाली येतो आणि अलार्म वाजतो. मग बत्तीसाब एकेक ब्रेकर पाडत चोर शोधत फिरतो. संशयित ठरलेले: गॅलीतल्या शेगड्या, लाँड्रीतली मशिनं आणि चाचा. चाचाच्या मोटारीतल्या कार्बन ब्रशची झिजून काळी भुकटी होई. तिच्यात समुद्राची दमट हवा मिसळली की वीज वाट चुके. चोर चाचाच निघाला की बत्तीसाब त्याचं झाकण उघडून ब्लोअरने भुकटी उडवायचा आणि मल्याळीत काहीतरी पुटपुटायचा. एकदा पट्टा कुरकुरतो म्हणून मोटरमनने मायेने मशीनचं तेल घातलं. सिलिकॉनची सवय असलेल्या पट्ट्याला ते मानवलं नाही, आणि नवा पट्टा येईपर्यंत सगळ्यांना जिने चढावे लागले. आमच्या इमारतीचे मजले आणि इंजिन रूमच्या शिड्या मिळून चांगला डोंगर होतो; फक्त तो चढताना खाली चाळीस अंशांवर उष्णता असते.

विजेच्या राज्यात चाचाला काय मान आहे, ते ब्लॅकआऊटच्या दिवशी कळतं. मुख्य जनरेटर बंद पडले तर आणीबाणीचा जनरेटर ४५ सेकंदांच्या आत चालू होऊन वीज देऊ लागला पाहिजे, असा सोलासचा, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम आहे. दिवे येतात, सुकाणूची यंत्रणा येते, रेडिओ येतो. चाचा येत नाही. आणीबाणीत लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत त्याचं नाव नाही. पण नाविकांच्या हक्कांची जी जागतिक सनद आहे, ती २००६ साली जिनिव्हात मंजूर झालेली आणि २०१३ पासून अमलात आलेली मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, तिच्या मार्गदर्शक भागात जहाजावरच्या करमणुकीच्या सोयींमध्ये व्यायामाच्या साधनांचा उल्लेख आहे. असावीत, असा. असलीच पाहिजेत, असा नाही. चाचाची सगळी नोकरी त्या "असावीत" वर चालू होती.

त्याच्या खानदानाचा इतिहास मात्र मोठा. इंग्लंडमध्ये १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या अभियंत्याने कैद्यांना राबवायला पायऱ्यांचं चाक बसवलं, ते याचे पूर्वज. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या बोट डेकवर पहिल्या वर्गासाठी व्यायामशाळा होती. तिथे रोइंगचं यंत्र होतं, सायकली होत्या, विजेवर हलणारा घोडा होता आणि चक्क विजेवर हलणारा उंटही होता. आणि एक भाऊबंद थेट आकाशात. १६ एप्रिल २००७ रोजी सुनीता विल्यम्स यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या ट्रेडमिलवर, खांद्या-कमरेला पट्टे बांधून, बोस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर साडेचार तासांच्या आत धावून काढलं. त्या यंत्राला कंपन शोषणारी खास बैठक होती, धावणाऱ्यामुळे स्थानक हलू नये म्हणून. आमच्याकडे उलटं. चाचाने जहाज हलण्याची भीती नव्हती. जहाज चाचाला हलवायचं.

अंतराळवीरांना रोजच्या वेळापत्रकात व्यायामाचे तास राखून ठेवलेले असतात. नाविकाला कायदा विश्रांतीचे तास देतो: कुठल्याही २४ तासांत किमान १०, आठवड्यात किमान ७७. व्यायाम करायचा तो याच विश्रांतीतून चोरून. बंदराला लागलं की तेही गणित मोडतं. खनिज भरताना पाण्याच्या टाक्या उपसायच्या, दर थोड्या वेळाने जहाज किती बसलं ते मोजायचं, सहा-सहा तासांच्या पाळ्या. त्या दिवसांत चाचाकडे कोणी फिरकत नाही, आणि फिरकूही नये. झोप सोडून धावणारा नाविक स्वतःला आणि बाकीच्यांना धोक्यात घालतो.

मग एवढ्या तुटपुंज्या वेळात काय साधणार? कॅडेटने हा प्रश्न रडकुंडीला येऊन विचारला होता. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालेलं आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून बघितला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्के घसरली आणि आठ आठवड्यांनी १६ टक्क्यांच्या घसरणीवर स्थिरावली. म्हणजे ब्राझीलला पोचेपर्यंत घरून आणलेल्या कमाईतला बराच भाग खर्ची पडतो. पण रॉबर्ट हिक्सन यांचे त्याच दशकातले प्रयोग दिलासा देणारे आहेत. त्यांनी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून सराव करून घेतला. मग पुढचे पंधरा आठवडे काहींचे दिवस कमी केले, काहींची मिनिटं, काहींचा जोर. आठवड्याला दोनच दिवस ठेवले, तरी ती कमाल क्षमता टिकली. रोज १३ मिनिटं ठेवली, तरी टिकली; लांब पल्ल्याची ताकद तेवढी थोडी उतरली. जोर कमी केला, मात्र क्षमता घसरली.

याचा जहाजी अर्थ सरळ आहे. दिवस कमी झाले तर चालतील, मिनिटं कमी झाली तरी बरंच टिकतं, पण जे काही धावाल ते छाती भरून येईल असं धावा. चाचावर रोज तासभर ईमेल वाचत चालण्याने मन रमेल, वजनही आटोक्यात राहील, पण घाट चढायचा दम राहणार नाही. कॅडेटला मी आठवड्यात दोन दिवस जोराचे आखून दिले, समुद्र साथ देईल तसा एक दिवस लांब आणि सावकाश, आणि बाकीच्या दिवशी केबिनमध्ये दोरीच्या उड्या नाहीतर जिने. तो नाराज झाला. त्याला सहा महिन्यांत आणखी वेगवान व्हायचं होतं. तरुण माणूस जहाजावर काहीतरी कमावून जायच्या गोष्टी करतो, आणि चाचा असल्या गोष्टी ऐकून घेत नाही.

आमचा फिटर मालवणचा. खंडेनवमीला इंजिन रूममध्ये यंत्रांची पूजा झाली, तेव्हा उरलेलं कुंकू घेऊन तो जिममध्ये आला आणि चाचाच्या काळ्या टेपवर एक बोट उठवून गेला. मी विचारलं, "याची कशाला?" तर म्हणाला, "ह्यो आपलो राखणदार, साब." कोकणात गावच्या वेशीवर राखणदार असतो. तो कोणाला नवी जमीन मिळवून देत नाही, पण आहे ती कुणाला ओरबाडू देत नाही. त्याला मान द्यायचा, नेमाने आठवण ठेवायची, आणि त्याच्याकडे भलतं काही मागायचं नाही. चाचाचं याहून अचूक वर्णन मला कोणाकडून ऐकायला मिळालं नाही. त्याच्यावर धावून कोणी वेगवान झाला नाही. पण त्याला नेमाने भेटलेला माणूस जेवढा दम घेऊन जहाजावर चढला, जवळपास तेवढाच घेऊन उतरला. आणि सहा महिने खाऱ्या पाण्यावर काढल्यावर ही कमाई लहान नाही.

तेव्हा पहिल्या कॉन्ट्रॅक्टला निघालेल्या पोरांना एवढंच सांगणं: बॅगेत धावायचे बूट आणि उड्या मारायची दोरी ठेवा. झोपेचे तास मोडू नका. आठवड्यातून दोनदा नीट दम लागेल असं धावा. विक्रमाचं नंतर बघू, तो घरी येऊन घाटात करता येतो. आणि पट्ट्यावर पाय ठेवण्याआधी किल्लीची दोरी बनियनला बांधा. जिममध्ये चाचा असो वा आणखी कोणी, समुद्र सगळ्यांचा सारखाच असतो.